बाटली पुण्यात, गोळ्या साताऱ्यात: रॉयल जेलीचं एक प्रकरण

पाडव्याच्या संध्याकाळी माझा दवाखाना बंद असतो. घर वर, दवाखाना खाली. शटर अर्धं ओढून मी पायरीवर पणत्या मांडत होते. साडेसहा वाजून गेले होते. एक रिक्षा येऊन थांबली आणि नवऱ्याने बायकोला काखेत धरून खाली उतरवलं. "डॉक्टर, हिचा दमा उठलाय. पंप चार वेळा मारला, उतरतच नाही."

दोघंही माझे नेहमीचे पेशंट. ती ३६ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, कॉलेजात असल्यापासून दमा. हे सगळं तिच्या परवानगीने लिहिते आहे. नाव, शाळा, पेठ यांतलं काही देत नाही. साताऱ्यातली गोष्ट आहे, एवढं पुरे.

रस्त्यावर फटाक्यांचा धूर इतका होता की समोरच्या खांबावरचा दिवा धुक्यात असावा तसा दिसत होता. दिवाळीत दमेकरी येतात ते धुराने, हे इतक्या वर्षांत डोक्यात पक्कं बसलेलं. तिला खुर्चीत बसवलं, वाफेचं मशीन लावलं, त्यात श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल घातलं, बोटाला ऑक्सिमीटर अडकवला. आकडा ८८. छातीला स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंना शिट्ट्या वाजत होत्या. चित्र अगदी दम्याचं.

तीन-चार मिनिटं गेली असतील. तोंडावर मास्क, बोलायचं त्राण नाही, आणि ती एका हाताच्या नखांनी दुसऱ्या हाताचा तळवा ओरबाडत होती. मग हात बदलून तेच. दम्याचा झटका आलेलं माणूस खुर्चीचे हात घट्ट धरतं, खांदे वर ओढतं. तळवे खाजवत नाही. मी तिचा पदर बाजूला केला. गळ्यापासून छातीपर्यंत लाल, फुगलेल्या गांधी उठल्या होत्या. खालचा ओठ एका बाजूने सुजला होता. नाडी १३२, रक्तदाब ८४ वर ५०.

हा नुसता दमा नव्हता, ॲनाफिलॅक्सिस होती. शरीर एखाद्या पदार्थाला शत्रू समजून एकदम उसळतं, रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब कोसळतो, घसा सुजतो, श्वासनळ्या आवळल्या जातात. यावर पहिलं औषध एकच, ॲड्रेनॅलिन. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत, अर्धा मिलिग्रॅम. ते दिलं. पाठीला उशी देऊन पाय वर घेतले, सलाईन सुरू केलं, ऑक्सिजन लावला. पाच मिनिटांनी दाब अजून ९० च्या खालीच होता म्हणून पुन्हा तेवढंच दिलं. दुसऱ्या इंजेक्शननंतर तिने डोळे नीट उघडले आणि पहिला शब्द बोलली, "पाणी."

सुरुवातीच्या त्या तीन-चार मिनिटांत मी दम्यावर उपचार करत होते आणि ॲड्रेनॅलिन कपाटात पडून होतं. ही माझी चूक. माझ्यासारखे लहान गावात दवाखाना चालवणारे अनेक जण हे वाचतील, म्हणून ती लिहायलाच हवी. आपल्याकडे अशा वेळी आधी ॲलर्जीचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन वाट बघायची सवय आहे. ती दोन्ही औषधं नंतर द्यायला हरकत नाही, मीही दिली. पण स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात, आणि ॲलर्जीच्या इंजेक्शनने गांधी बसल्या तरी कोसळलेला दाब उचलला जात नाही. माणूस वाचतं ते ॲड्रेनॅलिनने, आणि ते जितक्या लवकर दिलं तितकं बरं.

तिला लगेच मोठ्या रुग्णालयात हलवलं. काही जणांना बरं वाटल्यावर काही तासांनी दुसरी लाट येते, म्हणून रात्रभर नजरेखाली ठेवलं. तशी लाट आली नाही. भाऊबीजेच्या दुपारी ती घरी गेली.

काय खाल्लं होतं?

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात तिच्या खाटेशेजारी बसून मी दिवसभराचा हिशेब मांडला. फराळात चकली, शेव, अनारसे, एक काजूकतली. हे सगळं ती वर्षानुवर्षं खात आली आहे. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिनच्या जातीची वेदनाशामक गोळी बाधते, म्हणून डोकं दुखत होतं का, अंग दुखत होतं का, कुठली गोळी घेतली का, असं खोदून विचारलं. "नाही, गोळी कसलीच नाही." नवीन अत्तर? उटणं? माशी चावली? सगळ्याला नाही.

मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "ते ताईने दिलेलं घेतलंस ना गं संध्याकाळी?"

ताई म्हणजे नणंद. मेलबर्नला असते. दिवाळीच्या आठ दिवस आधी आली, आधी पुण्यात थोरल्या भावाकडे उतरली, मग साताऱ्याला. येताना रॉयल जेलीच्या कॅप्सूलची ३६५ ची मोठी बाटली घेऊन आली होती. वर्षाची बेगमी. बाटली ठेवली पुण्याच्या जावेकडे, आणि त्यातल्या साठ कॅप्सूल मुखवासाच्या रिकाम्या डबीत भरून धाकट्या वहिनीसाठी आणल्या. "वहिनी, शाळा, घर, सगळं करून किती दमतेस. रोज एक घे. राणीमाशी हेच खाऊन इतकी वर्षं जगते."

हे सगळं प्रेमाने झालं. नणंदेने दिलं ते प्रेमाने, सासूबाईंनी "घे गं, मधाचंच आहे" म्हणून आग्रह केला तोही प्रेमाने. म्हणूनच "गोळी घेतली का" या माझ्या प्रश्नाला तिने मनापासून "नाही" म्हटलं. तिच्या लेखी ती गोळी नव्हतीच.

मी तारखा लावत गेले. पहिली कॅप्सूल धनत्रयोदशीला. कॅप्सूल भलीमोठी, गिळवेना. म्हणून तिने सेफ्टी पिनने टोचून आतला पांढुरका, आंबट, जिभेला चरचरणारा ऐवज चमच्यात पिळला आणि वर अर्धा चमचा मध घालून चाटला. थोड्या वेळाने घशात आणि कानाच्या आत खाज सुटली. तिला वाटलं, साफसफाईची धूळ. दुसरी नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नान झाल्यावर. सटासट शिंका, छाती थोडी आवळल्यासारखी. दोनदा पंप मारला, बरं वाटलं. वाटलं, पहाटेच्या फटाक्यांचा धूर. लक्ष्मीपूजनाच्या गडबडीत राहून गेलं. तिसरी पाडव्याला, ओवाळणीसाठी साडी नेसण्याआधी, साधारण सहाला. सव्वासहाला तळहात खाजू लागले. साडेसहाला श्वास कोंडला.

दोन दिवस शरीर सांगत होतं, आणि दिवाळीच्या धुळीने नि धुराने त्याला दरवेळी दुसरं नाव दिलं.

मध वेगळा, हे वेगळं

आमच्या जिल्ह्यात मधाला देवघरातल्या वस्तूसारखा मान आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात सातेरी जातीच्या मधमाशांच्या पेट्या घरोघरी, आणि तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तान्ह्या बाळाच्या जिभेवर मध लावण्यापासून खोकल्यापर्यंत सगळ्याला मध. (वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हे मी प्रत्येक बाळंतिणीला सांगते. तो विषय वेगळा, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) त्यामुळे पोळ्यातून निघालेलं काहीही म्हणजे मधच, आणि मध म्हणजे निर्धोक, असं आपण धरून चालतो.

मध हा फुलातला रस. माशी तो आणते, आटवते, साठवते. रॉयल जेली फुलातून येत नाही. पाच ते पंधरा दिवसांच्या तरुण कामकरी माशा, ज्यांना दाई माशा म्हणतात, त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींमधून ती पाझरते. आईचं दूध म्हणा हवं तर. पोळ्यातल्या प्रत्येक अळीला पहिले तीनेक दिवस असंच ग्रंथींतून पाझरलेलं खाद्य मिळतं. पुढे कामकरी माशी होणाऱ्या अळ्यांना मध आणि परागकणांची भेसळ मिळते, राणी होणाऱ्या अळीला मात्र शेवटपर्यंत जेलीच. राणी सोळा दिवसांत कोषातून बाहेर येते, कामकरी माशीला एकवीस दिवस लागतात. राणी काही वर्षं जगते, हंगामात राबणारी कामकरी माशी पाच-सहा आठवड्यांत संपते. दोघींची अंडी सारखीच असतात.

ती काढण्याची रीत मी पुण्यात एका मधपाळाकडून समजून घेतली. मेणाच्या किंवा प्लॅस्टिकच्या, बोटाच्या टोकाएवढ्या वाट्या एका पट्टीवर लावतात. प्रत्येक वाटीत बारीक सुईने दिवसाच्या आतली अळी ठेवतात. राणी नसलेल्या वसाहतीत ती पट्टी सोडली की दाई माशांना वाटतं, नव्या राण्या वाढवायच्या आहेत, आणि त्या वाट्या जेलीने भरतात. तीन दिवसांनी पट्टी बाहेर काढायची, अळी चिमट्याने उचलून टाकायची आणि तळाची जेली खरवडून घ्यायची. एका वाटीत मिळते २०० ते ३०० मिलिग्रॅम. म्हणजे ग्रॅमभर ताजी जेली हवी तर चार-पाच वाट्या, आणि चार-पाच अळ्या.

हे समजलं तर ॲलर्जीचंही समजतं. ताज्या जेलीत साठ ते सत्तर टक्के पाणी असतं, आणि बाकीच्यात मोठा वाटा प्रथिनांचा. साध्या मधात प्रथिनं नावाला असतात. ॲलर्जी बहुतेक वेळा प्रथिनांची असते. जेलीतल्या मुख्य प्रथिनांच्या कुटुंबातली पहिली दोन, एमआरजेपी-१ आणि एमआरजेपी-२, ॲलर्जी घडवतात असं मलेशियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. त्यामुळे आयुष्यभर मध पचवलेल्या माणसाला रॉयल जेली चालेलच असं धरता येत नाही.

बाटलीवर काय लिहिलं होतं

मी पुण्याच्या जावेला फोन केला आणि बाटलीचा फोटो मागवला. मागच्या बाजूला, बारीक इंग्रजी अक्षरांत, पण ठळक ठशात, इशारा होता. मराठीत त्याचा अर्थ असा: या उत्पादनात रॉयल जेली आहे, तिच्यामुळे तीव्र ॲलर्जीच्या प्रतिक्रिया, आणि क्वचित प्रसंगी मृत्यूही, झाल्याची नोंद आहे, विशेषतः दमा आणि ॲलर्जी असलेल्यांमध्ये.

माझ्या पेशंटची केसच जणू तिथे आधीपासून लिहून ठेवलेली. फक्त ती बाटली पुण्यात होती, आणि गोळ्या साताऱ्यात, मुखवासाच्या डबीत.

हा इशारा ऑस्ट्रेलियात कंपनीच्या मर्जीवर सोडलेला नाही, तो कायद्याने छापावा लागतो. त्यामागे माणसं आहेत. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे रॉयल जेली आरोग्याची वस्तू म्हणून जोरात खपत होती आणि दमेकऱ्यांना ती घेतल्यावर झटके येऊ लागले. १९९३ मध्ये मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलियात अशा दम्याची नोंद आली. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, त्याच नियतकालिकात ११ वर्षांच्या एका दमेकरी मुलीच्या मृत्यूची केस छापून आली. १९९६ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या रक्तात रॉयल जेलीविरुद्धची आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं दाखवली. म्हणजे हा योगायोग नव्हता, खरीखुरी ॲलर्जी होती. हाँगकाँगमध्ये रुग्णालयाच्या सुमारे दीड हजार कर्मचाऱ्यांना विचारलं, तर जवळपास तिसऱ्या हिश्श्याने रॉयल जेली कधी ना कधी घेतलेली होती आणि त्यातल्या काहींना त्रास झाला होता. ती पाहणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना काही होत नाही, हे त्यातूनही दिसतं. ज्यांना होतं त्यांच्यात दमा आणि ॲलर्जीवाले पुढे असतात.

त्या अकरा वर्षांच्या मुलीच्या नोंदीपाशी मी बराच वेळ थांबले. कारण जावेचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, पावसाळ्यात त्याला दरवर्षी धाप लागते, आणि "वाढीला चांगलं" म्हणून दिवाळीची सुट्टी संपल्यावर त्यालाही रोज एक द्यायची असं ठरलं होतं. फोनवर हे ऐकलं तेव्हा माझ्या हाताला घाम आला. सुरू केली नव्हती. मी तिला म्हटलं, "नको. एकही नको. अगदी अर्धीसुद्धा नको." तिने प्रश्न विचारला नाही, नुसतं "बरं डॉक्टर" म्हणाली.

घरात आणखी एक जण रांगेत होता. सासऱ्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, ते रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेतात, आणि त्यांना "यातली एखादी घेऊ का" असा मोह झाला होता. २००६ मध्ये अमेरिकेतून एक केस प्रसिद्ध झाली आहे. ८७ वर्षांचे गृहस्थ, वॉरफरिनवर, डोस स्थिर. लघवीतून रक्त जाऊ लागलं. रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आयएनआर त्यांचा सातच्या आसपास गेला होता. दुसरं कुठलंही औषध बदललेलं नव्हतं. नवीन एवढंच, आठवडाभरापूर्वी सुरू केलेली रॉयल जेली. एका केसवरून नियम होत नाही. पण वॉरफरिन घेणाऱ्याने प्रयोग करून बघावा अशी ही गोष्ट नाही, आणि सासऱ्यांनी ते लगेच मान्य केलं.

आपल्याकडच्या लेबलांचंही पाहिलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत ज्या ॲलर्जीकारक गोष्टी ठळक लिहाव्या लागतात त्यांत ग्लुटेनवाली धान्यं, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे व सुका मेवा, सोयाबीन आणि सल्फाइट आहेत. रॉयल जेली त्या यादीत नाही. आरोग्यपूरक उत्पादनांवर "औषधी वापरासाठी नाही" असं लिहावं लागतं, पण त्यातून दमेकऱ्याला काहीच कळत नाही. ऑस्ट्रेलियाचं ते एक वाक्य आपल्या बाटल्यांवर मराठीत आणि हिंदीत आलं पाहिजे, असं मला फार वाटतं.

चाचणी

संशय जेलीवर असला तरी तिने मधही घेतला होता, काजूही खाल्ला होता. सहा आठवड्यांनी, ॲलर्जीची औषधं आठवडाभर बंद ठेवून, तिला ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. शेजारी ॲड्रेनॅलिन भरून ठेवून त्यांनी हाताच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बारीक टोचणी केली. एक थेंब घरातल्याच मधाचा, एक काजूचा, एक त्याच डबीतल्या कॅप्सूलचा पातळ केलेला, शिवाय घरातल्या धुळीतल्या किड्यांचा आणि नेहमीचे तुलनेचे दोन. मी मुद्दाम सोबत गेले होते. मधाच्या जागी काही नाही, काजूच्या जागी काही नाही. कॅप्सूलच्या जागी दहा मिनिटांत डास चावल्यासारखा फुगवटा आला आणि बघता बघता नखाएवढा झाला, भोवती लाल कडं. धुळीच्या किड्यांनाही फुगवटा आला, पण ते तिचं जुनंच दुखणं. ती स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाली, "एवढ्याशा थेंबाने?"

पोटात देऊन खात्री करून घेण्याची चाचणी आम्ही केली नाही. पाडव्याला जे घडलं त्यानंतर तो धोका पत्करायचं कारणच नव्हतं.

तिने तिसऱ्यांदा घेतल्यावर मोठा झटका आला. पण खाज पहिल्याच दिवशी सुटली होती. म्हणजे तिच्या शरीराला या प्रथिनांची किंवा त्यांच्यासारख्या कशाची तरी ओळख आधीपासून असावी. पहिल्याच खेपेला झटका आल्याची उदाहरणंही आहेत. म्हणून "थोडं घेऊन बघू" हा सल्ला दमेकऱ्याला कामाचा नाही.

मग लोक घेतात ते कशासाठी?

हा प्रश्न नणंदेने विचारला, मेलबर्नहून, रडवेल्या आवाजात. तिला अपराधी वाटत होतं. तिला मी जे सांगितलं ते असं.

राणीमाशीचं आयुष्य आणि तिचा आहार यांची जोडी इतकी मोहक आहे की माणसाने स्वतःसाठी तिच्यातून अर्थ काढला नसता तरच नवल. पन्नासच्या दशकात पोप बारावे पायस आजारी असताना त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना रॉयल जेली दिली, ते जगभर छापून आलं आणि तिथून ही वस्तू दुकानांत पोचली. पण माशीच्या अळीचा नियम माणसाला लागू नाही. राणी कशाने घडते हे माशीच्या बाबतीतही अजून वादात आहे. २०११ मध्ये जपानच्या मासाकी कामाकुरा यांनी रॉयलॅक्टिन नावाचं एक प्रथिन राणी घडवतं असं नेचरमध्ये मांडलं. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच नियतकालिकात त्याला हरकत घेतली. मधल्या काळात, २०१५ मध्ये, उलट बाजूने एक गोष्ट पुढे आली: कामकरी अळ्यांच्या खाद्यात परागातून एक वनस्पतिजन्य रसायन येतं आणि ते त्यांच्या अंडाशयाची वाढ रोखतं. म्हणजे राणीला काय मिळतं याइतकंच तिला काय मिळत नाही, हेही महत्त्वाचं असू शकतं.

माणसांवर प्रयोग झाले नाहीत असं नाही. जपानमध्ये ६१ निरोगी लोकांवर सहा महिने रोज तीन ग्रॅम देऊन केलेल्या अभ्यासात रक्ताच्या आणि साखरेच्या काही मोजमापांत आणि मानसिक स्वास्थ्यात थोडी सुधारणा दिसली. २०१२ चा अभ्यास. पण असे अभ्यास लहान आहेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये रॉयल जेलीबद्दलचे आरोग्यदावे तपासले आणि कारण-परिणाम सिद्ध होत नाही म्हणून ते मान्य केले नाहीत.

आणि "ताकद" म्हणाल, तर ग्रॅमभर ताज्या जेलीत प्रथिनं साधारण ०.१ ते ०.२ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम. मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांतही जवळपास तेवढीच. वहिनीचा थकवा घालवायचा होता ना, तर त्याचं कारण शोधायला हवं होतं. ते आम्ही नंतर शोधलं. हिमोग्लोबिन ९.२, पाळीत जास्त रक्त जात होतं, आणि दम्यामुळे रात्री दोनदा जाग. तीन महिने लोहाच्या गोळ्या, स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार, आणि तिने सोडून दिलेला रोजचा पंप पुन्हा सुरू.

त्या पंपाबद्दल थोडं लिहिते, कारण माझ्या मते या प्रकरणाचं मूळ तिथेच आहे. तिच्याकडे दोन पंप होते. एक झटक्यापुरता, निळा. दुसरा रोजचा, स्टेरॉइडचा, श्वासनळ्यांची सूज कमी ठेवणारा. "सवय लागते" म्हणून शाळेतल्या कोणीतरी सांगितलं आणि तिने दुसरा वर्षभरापूर्वी बंद केला. ज्याचा दमा असा ढिला सोडलेला, त्याला ॲनाफिलॅक्सिस आली तर ती सगळ्यात जास्त छातीवर बसते, आणि अशातच माणसं दगावतात. ज्या औषधाने ती सुरक्षित राहिली असती ते सवयीच्या भीतीने बाजूला पडलं, आणि जिच्यामागे पुरेसा पुरावा नाही ती वस्तू नैसर्गिक म्हणून विश्वासाने पोटात गेली. पेशंटला मी दोष देत नाही. वर्षभर ती माझ्याकडे निळ्या पंपाची चिठ्ठी घ्यायला येत होती आणि मी रोजच्या पंपाबद्दल विचारलं नव्हतं.

आता

माझ्या केसपेपरवर पूर्वी "चालू औषधे" अशी एक ओळ होती. आता तिच्याखाली दुसरी आहे: "परदेशातून, गावाहून, ऑनलाइन, पाहुण्यांकडून आलेलं काही: पावडर, कॅप्सूल, काढा, मध, चूर्ण." आणि "गोळी घेता का" याऐवजी मी विचारते, "घरात कोणी प्रेमाने काही दिलंय का?" या प्रश्नाला लोक हसतात आणि मग सांगतात. पहिल्याच महिन्यात या ओळीने मला दोन प्रोपोलिसच्या (माशांनी झाडांवरून जमवलेल्या डिंकाच्या) बाटल्या, एक परागकणांची डबी आणि न मोजता येण्याइतके काढे दाखवले. परागकण आणि प्रोपोलिस हीसुद्धा पोळ्यातलीच, आणि ॲलर्जीवाल्यांनी त्यांच्याही वाटेला विचारल्याशिवाय जाऊ नये.

पेशंटला ॲड्रेनॅलिनचं तयार पेन द्यायची इच्छा होती, ते आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणून एका छोट्या डब्यात ॲड्रेनॅलिनची कुपी, सिरिंज आणि मराठीत लिहिलेला कागद दिला, आणि नवऱ्याला संत्र्यावर टोचायला शिकवलं. पहिल्या दोन वेळा त्याचा हात थरथरला. तिसऱ्यांदा नीट जमलं. डब्यावर तिने स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: "रॉयल जेली नाही. आधी इंजेक्शन, मग फोन."

पुण्याची बाटली मार्चमध्ये माझ्याकडे आली, जावेने हाताने आणून दिली. सव्वादोनशेच्या वर कॅप्सूल उरल्या होत्या. तिने त्या फेकल्या नव्हत्या, कारण "इतक्या महाग, कोणाला तरी उपयोगी पडतील" असं सासूबाईंच्या मनात होतं. सासूबाई सोबत होत्या. मी बाटली फिरवून ती इंग्रजी ओळ त्यांना मराठीत सावकाश वाचून दाखवली. त्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला सांगितली. मग म्हणाल्या, "मुलं वापरतात तो जाड पेन आहे का तुमच्याकडे?" मी मार्कर दिला. त्यांनी बाटली मांडीवर घेतली, चष्मा नाकावर ओढला आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "दमा असेल तर नको." मग बाटली माझ्या टेबलावर ठेवून विचारलं, "मुखवासाची डबी मात्र परत न्यायची का, डॉक्टर? ती आमचीच आहे."

डबी मी साबणाने दोनदा धुऊन दिली.